एकट्या बुटक्या गाढवाला सोबत कुणाची द्यावी? (औसा, जि. लातूर)

कोरडवाहू_औसा
नमस्कार. औशाजवळ आमचं शेत आहे. दिवाळीनंतर मावसभावाने हैदराबादहून एक बुटकं गाढव आणून दिलं. त्याने फार्महाऊसवर मुलांसाठी घेतलं होतं, आता तो परदेशी चालला. नर आहे, तीन वर्षांचा, खांद्यापाशी उंची 33 इंच. मुलांनी नाव ठेवलंय गोंड्या.

गोठ्यात दोन म्हशी आणि चार शेळ्या आहेत, पण त्याचं मन कुणातच रमत नाही. संध्याकाळी खालच्या रस्त्याने वीटभट्टीची गाढवं परततात. त्यांची चाहूल लागली की हा बांधाच्या तारेवर मान टाकून उभा राहतो आणि शेवटचं गाढव वळणाआड जाईपर्यंत ओरडत राहतो. ती गेल्यावरही तिथून हलत नाही, अंधार पडला तरी. माझ्याने बघवत नाही.

परवा त्याने एका करडाची मान दातात धरून हिसडलं. करडू वाचलं, पण आता भीती बसली आहे. सोबतीला अजून शेळ्या आणू, एखादं तट्टू आणू, की गाढवच आणू? घरचे म्हणतात, एकाचाच उपयोग नाही तर दुसरं कशाला? खायला कडबा आणि दोन्ही वेळेला सरकी पेंड देते.

गोदाकाठ_नांदेड
ताई, गाढवाला गाढवच लागतंय. आमचं कुंभाराचं घर. आज्याच्या काळात सात गाढवं होती, माती अन् मडकी वाहायला. दुपारच्याला लिंबाखाली दोघं दोघं उलटसुलट उभी राहायची, ह्याचं तोंड त्याच्या शेपटाकडं. एकाच्या शेपटीनं दुसऱ्याच्या डोळ्यावरच्या माश्या उडायच्या. हे काम शेळी करू शकत नाही की ओ. आज्या एक गाढव कधीच विकायचा नाही. जोडी जमलेली असली की दोन्ही एकाच माणसाला द्यायचा, भाव कमी आला तरी.

बघायचीच असतील तर मार्गशीर्षात आमच्या लोहा तालुक्यात माळेगावला खंडोबाची यात्रा भरते, तिथं घोडे, गाढवं, उंट सगळं येतं. पण मी म्हणतो, तुमच्या रस्त्यानं रोज जाणारी गाढवं सोडून लांब कशाला जाता? त्या भट्टीवाल्याला विचारा. थकलेली गाढवीण तो खुशीनं देईल.

पशुवैद्यक_परभणी
ताई, आधी करडाचं बोलतो. गोंड्या खच्ची केलेला आहे का? नसेल तर शेळ्यांपासून आजच वेगळा ठेवा. बिनखच्ची नर करडाला मान धरून आपटून मारू शकतो. त्यात त्याचा दोष नाही, तो खेळ आणि हुकूमत यांच्या मधलाच प्रकार असतो. थंडीत माश्या कमी असतात, जखम लवकर सुकते, त्यामुळे खच्चीकरणाला हेच दिवस चांगले. धनुर्वाताची लस आधी द्यायची. काम झाल्यावरही दीड-दोन महिने त्याला मादीजवळ सोडू नका, तोवर गाभण ठेवू शकतो. गाढविणीचा गाभणकाळ साधारण बारा महिन्यांचा असतो आणि पुढे ते शिंगरू कुठे ठेवणार, हा प्रश्न तुमच्याच दारात येईल.

आता खुराक. पेंड पूर्ण बंद करा. खरं बुटकं गाढव मूळचं सिसिली आणि सार्डिनिया बेटांवरचं, उंची 36 इंचांपर्यंत. पण गाढव कुठलंही असो, त्याची जात रखरखीत माळावर वाळलं-सुकलं खाऊन जगणारी आहे. रोज वजनाच्या दीड टक्क्याच्या आसपास कोरडा चारा पुरतो. गोंड्या 120 किलोचा धरला तर दोन किलोच्या आत. कडबा, गव्हाचं काड, वाळलेलं गवत, मिठाचा खडा आणि स्वच्छ पाणी. कोवळी हिरवी ज्वारी अजिबात नको, तिच्यात विष असतं. कोंबड्यांचं खाद्य त्याच्या तोंडाला लागू देऊ नका. त्यात बऱ्याचदा मोनेन्सिन नावाचं औषध असतं आणि ते घोड्या-गाढवांच्या हृदयावर जातं, थोडंसुद्धा जीवघेणं ठरतं.

त्याच्या आयाळीखाली हात घालून बघा. मानेवरची चरबी घट्ट झाली असेल किंवा एका बाजूला कलायला लागली असेल तर तो जास्त खातोय. जास्त खाण्याने खुरांच्या आत सूज येते आणि जनावर पाय उचलेनासं होतं. मात्र बारीक करायचं म्हणून उपाशी ठेवू नका. गाढवाने खाणं सोडलं की अंगातली चरबी रक्तात उतरते, यकृत निकामी होतं. लठ्ठ आणि बुटक्या गाढवांत हे फार लवकर होतं. एक दिवस वैरणीला तोंड लावलं नाही तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता 1962 ला, म्हणजे सरकारी पशुवैद्यकीय सेवेच्या नंबरला, फोन करा.

माळावरचा_बीड
तट्टू आणू नका. मी स्वतः चूक केलेली आहे. आमच्या घोडीसोबत एक गाढव ठेवलं होतं. घोडी चाऱ्यावर येऊ द्यायची नाही, एकदा लाथ मारली ती बरगडीवर. गाढव लाथ खाऊनही गप्प उभं होतं, म्हणून मला दोन दिवस कळलंच नाही. गाढव दुखणं दाखवत नाही हो. कान पडलेले, रवंथ केल्यासारखं नुसतं तोंड हलवतंय, कळपापासून बाजूला उभं आहे, एवढंच दिसतं. शिवाय गाढवाच्या फुप्फुसात जंत असले तरी त्याला काही होत नाही आणि शेजारच्या घोड्याला खोकला लागतो.

कुत्र्यालाही जपा. कोल्हा-लांडग्याचं वैर गाढवाच्या रक्तात असतं.

पैठणकर
घरचे उपयोग विचारतात म्हणून लिहितोय. काशीहून रामेश्वराला निघालेली गंगेची कावड नाथांनी वाळवंटात तडफडणाऱ्या गाढवाच्या तोंडात रिकामी केली. त्याचा काय उपयोग, असं त्यांनी विचारलं नाही. घरात ही गोष्ट सांगून बघा, आमच्याकडे अजून लागू पडते.

2012 ते 2019 या सात वर्षांत देशातली गाढवं साठ टक्क्यांहून जास्त घटली. पशुगणनेत 2019 ला जेमतेम सव्वा लाख उरली होती. एखादी म्हातारी गाढवीण तुमच्या गोठ्यात गेली तर मला तरी बरं वाटेल.

कोरडवाहू_औसा
सगळ्यांचे आभार. पेंड कालपासून बंद. मानेवर चरबी आहे, अजून कललेली नाही. खच्चीकरण ठरवलं आहे. डॉक्टरसाहेब, भट्टीवरची गाढवीण आणली तर काय बघून घ्यावी?

पशुवैद्यक_परभणी
दात, खूर, डोळे, पाठीवरच्या जखमा. म्हातारीच्या दाढा झिजलेल्या असतात, कडबा चावता येत नसेल तर कुट्टी करून भिजवून द्यायची. आणायच्या आधी रक्त तपासून घ्या, ग्लँडर्ससाठी. तो रोग माणसालाही होतो, त्यात तडजोड नको. सर्रा, म्हणजे माश्यांमुळे पसरणारा रक्तातल्या परजीवींचा रोग, तोही त्याच रक्तात बघायला सांगा. आणल्यावर काही आठवडे वेगळ्या गोठ्यात ठेवा, दावण-बादली वेगळी. मग मध्ये कुंपण ठेवून शेजारी आणा आणि दोघं आपणहून कुंपणाला टेकून उभी राहायला लागली की काढा. खूर दर दोन महिन्यांनी साळायचे, नालाची गरज नाही. पावसाळ्याआधी छप्पर हवं. गाढवाचे केस घोड्यासारखे नाहीत, पाणी आतपर्यंत झिरपतं.

गोदाकाठ_नांदेड
अजून एक, ताई. आज लागणार नाही पण ध्यानात ठेवा. आमची एक गाढवीण गेली तेव्हा आज्यानं तिला लगेच उचलू दिलं नाही. जोडीचं गाढव आणून जवळ उभं केलं. त्यानं हुंगलं, पायानं ढोसलं, अर्धा घंटा तिथंच उभं होतं. मग आपणच वळलं. तसं केलं नाही तर ते शोधत फिरतं अन् खाणं सोडतं, असं आज्या म्हणायचा.

कोरडवाहू_औसा
फाल्गुनात लिहितेय, उशीर झाला. त्याच भट्टीवरची गाढवीण आणली. वय पंधराच्या पुढे असेल, पाठीवर ओझ्याच्या जागी केस पांढरे झालेले. रक्ताचे रिपोर्ट ठीक आले. दाढा खरंच झिजल्यात, कुट्टी भिजवून देते. उंचीला गोंड्यापेक्षा चार बोटंच जास्त.

कुंपणापलीकडे पहिले चार दिवस तिने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही, नुसती खात होती. पाचव्या दिवशी पहाटे धारा काढायला गेले तर दोघं तारेला अंग लावून उभी. परवा तार काढली. गोंड्या तिच्याभोवती पळाला, तिने एकदा कान पाडले, तो लगेच थांबला. मग उकिरड्याशेजारच्या धुळीत दोघांनी लोळण घेतली.

काल संध्याकाळी भट्टीची गाढवं खालून गेली. गोंड्याने मान वर केली, दोनदा ओरडला आणि पुन्हा कडब्यात तोंड घातलं. गाढवीण मात्र तारेपाशी जाऊन उभी राहिली. तिची तिथली ओळख आहे. आज भट्टीवाल्या दादांना विचारलंय, तिच्यासोबत कायम चालणारं कुठलं गाढव होतं का. पावसाळ्यात भट्टी बंद होते तेव्हा ते तिला भेटायला आणतो म्हणाले.