‘परावृत्त’ की ‘मनधरणी’? (संदर्भ : गोवा, डिसेंबर १९६१)

धरमपेठकर
एका इंग्रजी लेखाचा अनुवाद करतोय. भारताने गोव्यात सैन्य घालू नये म्हणून झालेली धावपळ हा विषय. अमेरिकेचे राजदूत गालब्रेथ नेहरूंना भेटतायत, ब्रिटनही तेच सांगतोय, संयुक्त राष्ट्रांचे ऊ थांट नेहरू आणि पोर्तुगालचे पंतप्रधान सालाझार दोघांनाही वाटाघाटी करा म्हणतायत. मुळात सगळीकडे एकच शब्द, ‘डिसुएड’. मी ‘परावृत्त करण्याचे प्रयत्न’ लिहिलं. बाबांनी कागद परत दिला. म्हणे, परावृत्त दारूपासून करतात, इथे ‘मनधरणी’ लिही. मला मनधरणी म्हटलं की रुसलेली सून दिसते.

इतवारी
सुनेची कोण मनधरणी करतं बाप्पा! जावई असेल तो.

निवृत्त मास्तर
शब्द तयार आहे, शिष्टाई. कृष्ण हस्तिनापुरात गेला तो युद्ध टाळायलाच. दोन्ही शिष्टाया फसल्या, हेही जुळतं.

धरमपेठकर
मास्तर, कृष्णाकडे पाच गावांची मागणी होती. शिष्टाईत देणंघेणं येतं ना? इथला सूर ‘थांबा’ एवढाच.

पाटणकर चौक
मग रदबदली. ती नेहमी कुणाच्या तरी वतीने असते. पोर्तुगाल नाटोत, त्यांच्या अझोरेस बेटांवरचा लष्करी तळ अमेरिकेला हवा. इंग्रज तर १३७३ च्या तहापासून पोर्तुगालचे दोस्त. यांना गोव्याचं काय पडलं होतं? मित्राची बाजू घेऊन आले होते.

शुद्धमती
फारसी कशाला? ‘मध्यस्थी’ आहे की.

पाटणकर चौक
फारसी नको तर ‘सरकार’ही काढा. आणि मित्राची बाजू घेणारा मध्यस्थ कसा?

इतवारी
आमच्याकडे सरळ म्हणतात, “लय समजवलं त्यायनं, पण नेहरूनं काई आयकलं नाई.” झाला अनुवाद.

धरमपेठकर
😄 छापतील का? दुसरी अडचण : पुढे ‘सीझ’ आहे. ‘गोवा बळकावण्यापासून’ लिहू?

निवृत्त मास्तर
अजिबात नाही! मुक्ती म्हणा. १९५५ च्या सत्याग्रहात गोळ्या खाल्लेल्यांना काय वाटेल?

शुद्धमती
लेखकाने जे लिहिलं ते अनुवादकाने लिहावं. मुक्ती हा आपला शब्द, त्याचा नाही.

पाटणकर चौक
भांडण तेव्हाही याच शब्दाचं होतं. १८ डिसेंबरला सुरक्षा परिषदेत आपले प्रतिनिधी झा यांचा मुद्दा हाच, की गोवा भारताचाच भाग, मग आक्रमण कसलं? युद्धबंदीच्या ठरावाला ७ विरुद्ध ४ मतं पडली, सोव्हिएत नकाराधिकाराने तो बारगळला. ‘ताब्यात घेणे’ लिहा, कुणी भांडणार नाही.

महालकर
ताबा म्हणजे फ्लॅटचा वाटतो. आम्हाला विचारा, ‘खालसा’. रघुजी तिसरे १८५३ च्या डिसेंबरात गेले आणि पुढच्या वर्षी डलहौसीने नागपूरचं राज्य खालसा केलं. आजी तर आम्ही लाडवांचा डबा संपवला की म्हणायची, “केला का खालसा?” मूळ अरबी, खालिस म्हणजे शुद्ध. पंजाबातला खालसाही तिथलाच.

निवृत्त मास्तर
खालसा इंग्रजांनी करायचा. नेहरूंच्या तोंडी डलहौसीचा शब्द घालता?

धरमपेठकर
मंडळी, ‘डिसुएड’ राहिलंच. उद्या सकाळी मजकूर द्यायचाय. ‘सैन्य घालू नका अशी गळ घातली’ चालेल?

इतवारी
चालेल. फुटाळा तलावावर लहानपणी आम्हीही गळ टाकायचो, मासा मात्र एकदाच लागला.

शुद्धमती
त्याचा इथे संबंध नाही. माशाचा तो गळ. गळ घालतात ती ‘ती गळ’. गळ्यात पडणे यावरून आली असणार.

महालकर
गळा पुल्लिंगी, मग गळ स्त्रीलिंगी कशी झाली?

शुद्धमती
वेळ आणि वेळा बघा.

महालकर
बघितलं. दोन्ही स्त्रीलिंगी.

इतवारी
मासा मांगूर होता, सांगायचं राहिलं.