मदत हवी आहे: प्रायमरवर अडकलेली जुनी लेलँड बस

इन्शुरन्सच्या गाड्या पुढे काढल्या जातायत आणि जुनी अशोक लेलँड बस पेंट शॉपमध्ये सरफेसरवरच (रंगाआधी मारून घासतात तो प्रायमरचा थर) उभी आहे. सरफेसर सच्छिद्र, पावसाळी हवेतला ओलावा पितो. नंतर टॉपकोटला, म्हणजे वरच्या शेवटच्या रंगाला, फोड येतात. व्हील आर्चच्या लोखंडी पट्टीवर, रिव्हेटांच्या कडेने तांबूस ठिपके आलेत. अॅल्युमिनियमचे पत्रे अजून ठीक आहेत, त्यांना खाली एच (etch) प्रायमर आहे, म्हणजे धातूला धरणारा आम्लयुक्त पहिला थर.

ठिपके लोखंडापर्यंत घासून तेवढ्यापुरता इपॉक्सी प्रायमर मारायचा विचार आहे. बाकी भाग ३२० च्या सँडपेपरने कोरडा घासून इपॉक्सी सीलर (ओलावा अडवणारा थर) चालेल, की सगळा सरफेसर काढावा? घासताना एच प्रायमर उघडा पडला तर त्यावर इपॉक्सी नीट धरत नाही, ही खरी भीती.

पिंपरी-चिंचवडकडे बस मावेल असा पेंट बूथ (रंग मारायची बंद खोली), आणि तारीख लेखी देणारा पेंटर कोणाला माहीत आहे का?