चर्चा: केसाएवढ्या भिंगांचं प्रिंटिंग वागळे इस्टेटमध्ये व्हावं का?

टूलरूमवाला, ठाणे:
व्हावं. वागळे आणि महापेच्या टूलरूमवाल्यांनी, म्हणजे मोल्ड बनवणाऱ्यांनी, मिळून एक टू-फोटॉन प्रिंटर (लेझरने द्रव रेझिन कडक करत सूक्ष्म वस्तू छापणारं यंत्र) घ्यावा, असं माझं ठाम मत आहे. किंमत कोटींत जाते, एकट्याला झेपणार नाही. लेझर साधारण 780 नॅनोमीटरचा. तो रेझिनमधून आरपार जातो आणि रेझिन कडक होतं ते फक्त फोकसच्या बिंदूवर, कारण एकाच वेळी दोन फोटॉन शोषले जावेत इतका प्रकाश तिथेच दाटतो. दोन फोटॉन असे एकदम शोषले जाऊ शकतात, हे भौतिकशास्त्रज्ञ मारिया गोपर्ट-मायर यांनी 1931 मध्येच कागदावर मांडलं होतं. स्टुटगार्ट विद्यापीठाने 2016 मध्ये या पद्धतीने जेमतेम 100 मायक्रॉनची, अनेक भिंगांची ऑब्जेक्टिव्ह (प्रतिमा उठवणारा भिंगांचा संच) छापून दाखवली, तीही 125 मायक्रॉनच्या ऑप्टिकल फायबरच्या, म्हणजे प्रकाश वाहणाऱ्या काचेच्या तंतूच्या, टोकावर. आपण अजून बादल्यांचे आणि झाकणांचे मोल्डच करत राहायचं का?

महापे_मोल्डिंग:
दादा, उत्साह पटला, हिशेब नाही पटला. हा लेझर बिंदू-बिंदू करत भिंग भरतो. नॅनोइम्प्रिंटवाला, म्हणजे सूक्ष्म ठसा दाबून छापणारा, एका दाबात अख्ख्या वेफरवर (पातळ चकतीवर) हजारो भिंगं उठवतो. आणि बादल्यांच्या मोल्डला नावं ठेवू नका, त्यावर घरं चालतात. रेझिन कडक होताना आकसतं ते वेगळंच, म्हणजे डिझाइन आधीच उलटं वाकवून द्यावं लागतं. ते कोण करणार?

वाशीची_ऑप्टिक्सवाली:
हजारो भिंगं हवीत कुणाला? रक्तवाहिनीत जाणाऱ्या प्रोबला एकच लागतं, पण ते अचूक लागतं.

टूलरूमवाला, ठाणे:
@महापे_मोल्डिंग, छापलेलं भिंग विकायचं असं मी कुठे म्हणतो? तो मास्टर, म्हणजे मूळ नमुना. त्यावर निकेलचं इलेक्ट्रोफॉर्मिंग करून, म्हणजे विजेने निकेलचा थर चढवून, इन्सर्ट (मोल्डमध्ये बसणारा आकाराचा तुकडा) काढायचा, पुढचं मोल्डिंग तुमच्याच मशीनवर. एका इन्सर्टवर भिंगांची अख्खी जाळी बसते.

महापे_मोल्डिंग:
तिथेच मुद्दा निसटतो. स्टुटगार्टच्या ऑब्जेक्टिव्हची खरी करामत म्हणजे भिंगांमधली हवेची फट, सगळं एकाच तुकड्यात. ती मोल्डमधून सुटणारच नाही, अंडरकट आहे, म्हणजे आतली खाच मोल्डला अडकते. मोल्डमधून सुटतील ती साधी भिंगं, आणि त्यांचे इन्सर्ट डायमंड टर्निंगवर (हिऱ्याच्या टोकाने कापणाऱ्या लेथवर) आजही निघतात.

टूलरूमवाला, ठाणे:
गोल भिंगांचे निघतात, मान्य. पण दर भिंगाचा आकार वेगळा, वर फ्रीफॉर्म (गोलाई नसलेला मोकळा वळणदार आकार), अशी दाट जाळी टर्निंगवर काढायला घ्या, मग बोलू. फटवाली ऑब्जेक्टिव्ह थेट फायबरवर छापायची. नग कमी, पण भाव चांगला. यंत्र एक, कामं दोन.

वाशीची_ऑप्टिक्सवाली:
मी प्रिंटरच्या बाजूची आहे, तरी एक सांगते. पृष्ठभाग दहा-वीस नॅनोमीटरच्या आत आहे की नाही, हे ठाण्यात तपासणार कशाने? व्हर्नियर-मायक्रोमीटरचं हे काम नव्हे. व्हाइट लाइट इंटरफेरोमीटर, म्हणजे प्रकाशलहरींनी पृष्ठभागाचा उंचसखलपणा मोजणारं यंत्र, लागेल. आधी तो घ्या. प्रिंटर येईपर्यंत तुमच्या पॉलिश केलेल्या इन्सर्टनाही उपयोगी पडेल.

महापे_मोल्डिंग:
इंटरफेरोमीटरला माझी वर्गणी धरा. प्रिंटरला नाही.