मुलीला शूला सारखी जळजळ, युरिन कल्चर (शूतल्या जंतूंची तपासणी) मात्र नॉर्मल. जंतांमुळे होतं का असं?

पिहूचीआई:
नमस्कार. माझी मुलगी साडेपाच वर्षांची आहे. गेले दोन महिने शूला जळजळते म्हणून रडते आणि रात्री अंथरूण ओलं करायला लागलीये, तिसऱ्या वर्षीच बंद झालं होतं खरं तर. युरिन इन्फेक्शन समजून दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स झाला पण दोन्ही वेळा कल्चरमध्ये काहीच आलं नाही. चड्डीला पिवळट डाग असतो. रात्री अकराच्या सुमारास झोपेतच उठून बसते, मांड्या घासते, "आई टोचतंय" म्हणते आणि सकाळी विचारलं तर काही आठवत नाही. सासूबाई म्हणतात जंत झालेत, गोड बंद कर. पण शी तपासून घेतली त्यात काही नाही, आणि शाळेत फेब्रुवारीत जंताची गोळी पण घेतलीये. मग जंत कुठून येणार? आणि जंतांचा शूशी काय संबंध? अंथरूण ओलं केलं म्हणून मी दोनदा ओरडले तिच्यावर, आता फार वाईट वाटतंय.

सांगलीकरीण:
ताई अगदी हेच आमच्याकडे झालं होतं, लेक सहा वर्षांची होती तेव्हा. मला एका ओळखीच्या नर्सताईंनी सांगितलं की झोप लागल्यावर दोन-तीन तासांनी टॉर्च घेऊन बघ. बघितलं तर शीच्या जागेजवळ पांढरा शिवायच्या दोऱ्याचा तुकडा असावा तसं काहीतरी, जेमतेम सेंटीमीटरभर, आणि ते हललं. अंगावर काटाच आला. त्या जंताची (पिनवर्म म्हणतात त्याला) मादी रात्री बाहेर येते अंडी घालायला, म्हणून खाज रात्रीच जास्त. मुलींमध्ये पुढची जागा अगदी जवळ, त्यामुळे ती तिकडे पण जाते, तिथली नाजूक त्वचा सुजते, पाणी जातं, शू लागली की झोंबतं. आपल्याला वाटतं युरिन इन्फेक्शन. काही मुलांचं अंथरूण ओलं होणं पण यानेच सुरू होतं. तिची काही चूक नाही हो यात, तिला जवळ घ्या.

स्लाइडवाला:
मी लॅबमध्ये काम करतो, १४ वर्षं झाली. शीच्या तपासणीत हे जंत बहुतेक वेळा सापडतच नाहीत कारण अंडी आतड्यात नाही, बाहेर कातडीवर घातली जातात. त्यासाठी टेप टेस्ट असते. सकाळी उठल्या उठल्या, शी आणि आंघोळीच्या आधी, पारदर्शक सेलोटेपची चिकट बाजू शीच्या जागेवर हलकेच दाबायची आणि ती टेप स्लाइडवर चिकटवून लॅबमध्ये द्यायची. धुरकट टेप नको, खालचं दिसत नाही. एका दिवसात नाही सापडलं तर सोडून देऊ नका, तीन सकाळी केली तर १० पैकी ९ केसेस सापडतात. मायक्रोस्कोपखाली अंडं एका बाजूने चपटं दिसतं, एकदा बघितलं की विसरत नाही.

गोळीचं म्हणाल तर १० फेब्रुवारीला देतात ती अल्बेंडाझोल या जंतांवर पण चालते, पण अंड्यांवर तिचा फारसा इलाज नाही. एक मादी १०,००० च्या वर अंडी घालते, ती चार-सहा तासांत लागण करण्याजोगी होतात, नखांत, चादरीत, खेळण्यांवर दोन-तीन आठवडे टिकतात. मूल खाजवतं, बोट तोंडात जातं, की परत सुरू. म्हणून दोन आठवड्यांनी दुसरा डोस आणि घरातल्या सगळ्यांनी एकदमच घ्यायचा. डोस डॉक्टरांना विचारूनच, आणि घरात कोणी प्रेग्नंट असेल तर ते आधी सांगा. गोड खाऊन जंत होत नाहीत, आजींना प्रेमाने सांगा.

दोन_मुलांचा_बाबा:
आमचा वेगळाच अनुभव, मुलगा नऊ वर्षांचा, उजव्या बाजूला खाली पोटात दुखायला लागलं, अपेंडिक्स म्हणून ऑपरेशन झालं आणि बायोप्सीचा रिपोर्ट आला तर अपेंडिक्सच्या आत हेच जंत, सूज जवळजवळ नाहीच. सर्जननी समजावलं की जंत आत शिरले की कधी कधी तसंच दुखतं, आणि अपेंडिक्स काढलं म्हणजे जंत गेले असं होत नाही, गोळ्या घ्याव्याच लागतात. हे वाचून लगेच घाबरू नका, असं क्वचित होतं. पण पोटदुखी, उलटी, ताप असं एकत्र आलं तर जंतच असतील म्हणून घरी बसू नका. आणि ताई, ते पाणी वास मारत असेल किंवा रक्त दिसलं तर त्याच दिवशी दाखवा, त्याची कारणं वेगळी असू शकतात.

पिहूचीआई:
सगळ्यांचे मनापासून आभार. परवा रात्री टॉर्च घेऊन बघितलं, दोन दिसले. टेपमध्ये पण अंडी सापडली. डॉक्टरांनी आम्हा पाचही जणांना गोळी दिली, सासूबाईंनी पण घेतली, आधी नको नको म्हणत होत्या. दुसऱ्या डोसची तारीख कॅलेंडरवर लाल पेनाने लिहून ठेवलीये. नखं अगदी बारीक कापली, रोज सकाळी उठल्यावर आंघोळ, चड्डी आणि चादर गरम पाण्यात, आणि चादर झटकायची नाही, गुंडाळूनच न्यायची. काल रात्री पहिल्यांदा सलग झोपली. अंथरूण ओलं झालं होतं पहाटे, पण मी काही बोलले नाही, कपडे बदलून जवळ घेऊन झोपले.