बुलेटला नवे कॅम बसवले. खुणा जुळतात, टायमिंग जुळत नाही. मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी वडिलांची. 1998 ची बुलेट 350, जुनं कास्ट आयर्न इंजिन, उजव्या पायाला गिअर, पॉइंट्सवाली (प्लगची ठिणगी पाडण्यासाठी उघडझाप करणारे संपर्क). इंजिन नुकतंच उघडलं होतं आणि दोन्ही कॅम (व्हॉल्व्ह उघडणारे फुगीर कडेचे भाग) झिजले होते, म्हणून त्याच वेळी जास्त लिफ्टचे, म्हणजे व्हॉल्व्ह जास्त उचलणारे, परफॉर्मन्स कॅम टाकायचं ठरवलं. इनलेट (मिश्रण आत घेणारा) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणारा) असा जोड पुण्याहून, नाना पेठेतून आणला. सोबत एक छापील कार्ड होतं. त्यावर इनलेटच्या पूर्ण लिफ्टचा बिंदू टीडीसीनंतर (पिस्टन सर्वात वर असतो ती जागा) 106 अंश आणि एक्झॉस्टचा टीडीसीच्या आधी 110 अंश दिला आहे. कार्ब्युरेटर कंपनीचाच 24 चा मिककार्ब, सायलेन्सरही मूळचाच.

साताऱ्यातल्याच एका मिस्त्रींनी कॅम बसवले आणि तेव्हापासून गाडी बिघडली आहे. किक उलटी येते, एकदा तर घोटा चांगलाच सुजला. कार्ब्युरेटर सारखा शिंकतो, एअर फिल्टरच्या तोंडाशी पेट्रोलचा ओलावा दिसतो. आयडलिंग धरत नाही. यवतेश्वरचा घाट ही गाडी पूर्वी तिसऱ्यात धुकधुक करत चढायची, आता दुसऱ्यातही दम टाकते. सपाट रस्त्यावर साठ-पासष्टच्या पुढे गेलं की मात्र अचानक मोकळी होते आणि पूर्वीपेक्षा जोरात ओढते.

मिस्त्रींचं म्हणणं, पिनियनवरची (क्रँकवरचा छोटा गिअर) आणि दोन्ही कॅम व्हीलवरची खूण जुळवली आहे, टायमिंग बरोबर आहे, कार्ब्युरेटर बदला. मी स्वतः टायमिंग कव्हर उघडून पाहिलं. खुणा खरंच जुळतात.

आतापर्यंत मी काय तपासलं ते सांगतो. इंजिन थंड असताना कॉम्प्रेशनच्या टीडीसीला पुशरॉड (कॅमची हालचाल व्हॉल्व्हपर्यंत नेणाऱ्या दांड्या) बोटांनी सहज फिरतात आणि वरखाली अजिबात हलत नाहीत. डीकॉम्प्रेसरच्या (सिलिंडरमधला दाब सोडणारी कळ) केबलला ढील आहे. पॉइंट्सची गॅप 0.38 मिमी, कंडेन्सर आणि प्लग नवे. इनटेकच्या जोडावर हवा ओढत नाही. जास्त लिफ्टमुळे व्हॉल्व्ह पिस्टनला लागतील ही भीती होती, म्हणून हेड काढून पिस्टनवर मुलीची खेळायची माती लावली, इंजिन हाताने दोन फेरे फिरवलं. माती सर्वात दबली तिथेही 2 मिमीपेक्षा जाड राहिली.

प्रश्न असा: खुणा बरोबर असताना ही लक्षणं कशाची? इग्निशनची की कॅमची? पुढे कुठून सुरुवात करू?

अपडेट, बुधवार

आधी इग्निशन पाहा, हा सल्ला देणाऱ्यांचे मनापासून आभार. ज्यांना हे माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगतो: या इंजिनात पॉइंट्सना फिरवणारी गिअरची साखळी कॅमपासूनच पुढे जाते. त्यामुळे कॅम काढले की इग्निशन टायमिंग हरवतं आणि ते नव्याने लावावंच लागतं. आमच्याकडे ते कानाने लावलं गेलं होतं.

बुलेटचा प्लग तिरका असतो, त्यातून स्पोक घालून टीडीसी नीट सापडत नाही. म्हणून जुन्या प्लगमधलं चिनी मातीचं नळकांडं फोडून काढलं, त्यात बोल्ट बसवून स्टॉप केला. गाडी चौथ्या गिअरमध्ये टाकून मागचं चाक हाताने हळूहळू दोन्ही बाजूंना टेकेपर्यंत फिरवलं. डाव्या बाजूचं प्रायमरी कव्हर उघडून रोटरच्या नटावर कोणमापक लावला होताच. दोन्ही आकड्यांचा मध्य म्हणजे टीडीसी. मग स्टॉप काढला, इग्निशन ऑन केलं आणि अँपिअर मीटरवर लक्ष ठेवलं. पॉइंट्स उघडतात त्या क्षणी काटा मध्यावर येतो. किक मारायची जागा शोधायला आपण जे रोज करतो तेच, फक्त इथे कोन टिपायचा.

पॉइंट्स 19 अंश आधी उघडत होते. बुलेटला ऑटो ॲडव्हान्स (वेग वाढला की ठिणगी आपोआप लवकर पाडणारी यंत्रणा) मिटलेला असताना पिस्टन टीडीसीपासून 0.8 मिमी खाली असताना पॉइंट्स उघडायला हवेत. 90 मिमीच्या स्ट्रोकला ते साधारण 9-10 अंश होतात. प्लेट फिरवून ते लावलं. किकचा उलटा फटका पूर्ण गेला, आईसुद्धा अंगणातून म्हणाली, आता आवाज बरा येतोय. पण शिंकणं तसंच, घाटातला दमही तसाच.

अपडेट, रविवार रात्री

आज दिवसभर कॅम मोजले. डायल गेज (बारीक हालचाल मोजणारं घड्याळ) व्हॉल्व्हच्या टोपीवर लावला, पूर्ण लिफ्टच्या आधी 1 मिमी आणि नंतर 1 मिमी असे दोन कोन टिपले, त्यांचा मध्य काढला. इंजिन प्रत्येक वेळी एकाच दिशेने फिरवलं, नाहीतर गिअरमधल्या खेळामुळे आकडे बदलतात. तीनदा मोजलं.

एक्झॉस्ट: 110. कार्डाप्रमाणे.
इनलेट: 78 आणि 158, मध्य 118. कार्डावर 106.

म्हणजे इनलेट क्रँकवर 12 अंश उशिरा आहे, कॅमवर 6 अंश, कारण कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. एक दात चुकला असता तर फरक याहून जास्त आला असता. पिनियनचे दात मोजून 360 ला भागून पाहिलं. मग मोजमापच चुकतंय का हे तपासायला जुना झिजलेला इनलेट कॅम त्याच खुणांवर परत घातला. त्याचा मध्य 105 आला. पिनियन ठीक, खुणा ठीक, माझी रीतही ठीक. नव्या इनलेटच्या व्हीलमध्येच कॅम चुकीच्या कोनात बसलाय, असंच मला दिसतंय.

आता सगळी लक्षणं जुळतात. इनलेट उशिरा बंद होतो, त्यामुळे कमी वेगात पिस्टन वर येताना आत आलेलं मिश्रण पुन्हा कार्ब्युरेटरकडे ढकलतो. म्हणून फिल्टरवर ओलावा, म्हणून शिंका, म्हणून खाली दम नाही. वेग वाढला की आत येणाऱ्या हवेच्या जोराने तोच उशीर फायद्याचा ठरतो, म्हणून वर मोकळी. कार्ब्युरेटर बदलण्यात माझे पैसेच गेले असते.

विक्रेत्याला आकडे पाठवले. खुणा जुळल्या म्हणजे आमची जबाबदारी संपली, असं उत्तर आलं. कार्ड त्यांनीच दिलंय, आणि त्यातला एक आकडा बरोबर व एक चूक आहे हे मी मोजून दाखवलंय. याचं मला फार वाईट वाटलं.

जाणकारांना तीन गोष्टी विचारायच्या आहेत.

हा कॅम व्हीलमधून प्रेसने काढून 6 अंश फिरवून पुन्हा बसवलेला कुणी वापरलाय का? नंतर सरकतो का? वेल्डचा टाका मारायला मन धजत नाही, लोब (कॅमचा फुगीर भाग) तापला तर कडकपणा जाईल.

दुसरी, मला जास्त काळजीची. माझी मातीची चाचणी इनलेट उशिरा असताना झाली आहे. 12 अंश पुढे घेतला की टीडीसीला इनलेट व्हॉल्व्ह जास्त उघडा असेल, म्हणजे पिस्टनच्या जवळ येईल. एक्झॉस्टचं माप तेच राहील, पण इनलेटसाठी हेड पुन्हा काढून माती लावावीच लागेल, बरोबर ना? इनलेटला कमीत कमी किती अंतर धरून चालता?

आणि सातारा, कराड, कोल्हापूर किंवा पुण्यात डिग्री व्हील (अंश आखलेली चकती) लावून काम करणारा, आकडे कागदावर लिहून देणारा कुणी आहे का? खर्च होईल तो करेन. तोवर जुना इनलेट आणि नवा एक्झॉस्ट अशी जोडी ठेवून गावात हळू फिरवतोय. त्यात काही धोका असेल तर कृपया लगेच सांगा, उद्या सकाळी वडिलांना दवाखान्यात त्याच गाडीवरून न्यायचं आहे.