दुकानाची रोजची जाहिरात आणि सहकाऱ्यांचे स्वास्थ्य : दोन्ही सांभाळण्यासाठी सल्ला हवा आहे

मूळ प्रश्न

नमस्कार. मी चष्म्यांचे छोटे दुकान चालवतो. डोळे तपासणारा ऑप्टोमेट्रिस्ट, काचा घासून फ्रेममध्ये बसवणारा कारागीर, काउंटर सांभाळणाऱ्या दोघी आणि मी, असे आम्ही पाच जण आहोत. गूगलवरील नोंद, व्हॉट्सॲप बिझनेस आणि इन्स्टाग्राम या तीन मार्गांनी नियमित जाहिरात सुरू केल्यापासून चौकशी वाढली आहे आणि त्यातून गिऱ्हाईकही येते, त्यामुळे जाहिरात बंद करण्याचा विचार नाही.

अडचण अशी आहे की वाढलेल्या चौकशीचा सगळा भार याच मोजक्या माणसांवर पडतो. दुकानाचे व्हॉट्सॲप काउंटरवरील दोघींच्या स्वतःच्या फोनवरही जोडलेले आहे, त्यामुळे रात्री उशिरा आणि सुट्टीच्या दिवशीही ‘चष्मा तयार झाला का’ असे संदेश त्यांना येत राहतात. ‘त्याच दिवशी चष्मा’ हे वाक्य आमच्या प्रत्येक पोस्टमध्ये असते आणि कारागिराच्या मागे दिवसभर कोणी ना कोणी विचारायला उभे असते. सिलिंडरच्या (दृष्टिवैषम्यासाठीच्या) काचेचा अक्ष, म्हणजे ती ज्या कोनात बसवायची तो कोन, लावताना हाक ऐकून त्याचे लक्ष विचलित झाले आणि अक्ष थोडा जरी हलला, तरी ती काच वाया जाते व काम पहिल्यापासून करावे लागते. काउंटरवरील एकीने परवा सांगितले की संदेशाचा आवाज आला की तिच्या छातीत धडधडते.

ही सगळी मनापासून काम करणारी माणसे आहेत आणि ती दुकानात आनंदाने टिकावीत, असे मला वाटते. अशा वेळी जाहिरात कशी आखावी, संदेशांची जबाबदारी कोणाकडे द्यावी आणि कामाच्या वेळेची मर्यादा गिऱ्हाइकाला न दुखावता कशी सांगावी, याविषयी अनुभवी मंडळींनी मार्गदर्शन करावे.

प्रतिसाद १

मी अनेक छोट्या व्यावसायिकांच्या जाहिरातीचे काम पाहतो, म्हणून सविस्तर लिहितो.

जाहिरातीत लिहिलेले प्रत्येक आश्वासन दुकानातल्या कोणाला तरी पाळावे लागते. ‘त्याच दिवशी चष्मा’ हे तीन शब्द पोस्टमध्ये लिहायला क्षणभर पुरतो, पण ते दिवसभर निभावतो तो आपला कारागीर. म्हणून यापुढे कोणतीही पोस्ट टाकण्यापूर्वी ती निभावणाऱ्या माणसाला दाखवावी आणि ‘हे रोज जमेल का’ असे विचारावे. एखादा बरा दिवस डोळ्यांसमोर ठेवून तो ‘जमेल’ म्हणेल, तेव्हा सर्वांत गर्दीच्या दिवशी काय होते, हेही आवर्जून विचारावे. त्याच्या उत्तरावरून मजकूर बदलावा. उदाहरणार्थ, ‘साध्या नंबरची काच दुकानात उपलब्ध असल्यास, दुपारपूर्वी ऑर्डर दिलेला चष्मा त्याच संध्याकाळी, सिलिंडर व प्रोग्रेसिव्ह (दूरचे व जवळचे एकाच काचेतून दाखवणाऱ्या) काचांची तारीख ऑर्डर देताना लिहून मिळेल.’ हे वाक्य लांब आहे, पण गिऱ्हाइकाला त्यातून नेमकी माहिती मिळते आणि माझ्या मते नेमक्या माहितीनेच विश्वास बसतो.

दुसरी गोष्ट आपल्याकडे येणाऱ्या संदेशांची. त्यांतले बहुतेक ‘झाला का’ या एकाच प्रकारचे असावेत, असे आपल्या वर्णनावरून दिसते. या प्रश्नाचे उत्तर विचारण्याआधीच देता येते. ऑर्डरच्या पावतीवर तारखेबरोबर वेळही लिहावी आणि तयार झालेल्या चष्म्यांचे संदेश दुपारी एकदा व दुकान बंद होण्यापूर्वी एकदा, असे ठरलेल्या वेळी एकत्र पाठवावेत. एखाद्या कामाला उशीर होणार असेल तर तेही याच वेळी कळवावे. चष्म्याविषयी दुकानाकडून वेळेवर कळते, असा अनुभव आला की मध्येच विचारणारे आपोआप कमी होतात. कारागिराच्या टेबलाशी जाऊन विचारण्याची मुभा मात्र कोणालाच नसावी. कामांची यादी काउंटरजवळच्या फळ्यावर लिहून ठेवावी, म्हणजे काउंटरवरील व्यक्तीला तिथूनच उत्तर देता येईल.

आता जाहिरातीच्या प्रमाणाविषयी. रोज काहीतरी टाकलेच पाहिजे, हा समज छोट्या व्यावसायिकांना फार दमवतो. परिसरातील व्यवसाय शोधताना कोणाचे नाव वर दाखवायचे, हे समर्पकता, अंतर आणि प्रसिद्धी या तीन मुख्य गोष्टींवर ठरते, असे गूगलनेच सांगितले आहे. अंतर आपल्या हातात नाही. समर्पकता मात्र नोंद अचूक भरण्यावर अवलंबून असते : व्यवसायाचा योग्य प्रकार, दिल्या जाणाऱ्या सेवा, उघडण्याच्या व बंद होण्याच्या खऱ्या वेळा, सुट्ट्यांचे बदललेले वेळापत्रक, दुकानाची अलीकडची छायाचित्रे. हे काम महिन्यातून एकदा शांतपणे बसून करता येते. सुट्टीची नोंद केली नाही, तर बंद दारापाशी उभ्या राहिलेल्या गिऱ्हाइकाचा फोन नेमका सुट्टीवर असलेल्या माणसाला जातो. त्यामुळे वेळा अचूक ठेवणे हे सहकाऱ्यांच्या विश्रांतीसाठीही गरजेचे आहे.

आपल्या व्यवसायात जुने गिऱ्हाईक ही फार मोठी ठेव आहे. डोळ्यांचा नंबर बदलत असतो, त्यामुळे तपासणीची मुदत झाल्याची आठवण देणारा साधा संदेश अनेकांना उपयोगी वाटतो. अर्थात, असे संदेश पाठवण्याची परवानगी ऑर्डर घेतानाच विचारून ठेवावी. शिवाय ती आठवण सर्वांना एकाच दिवशी पाठवू नये. यादी दिवसांवर वाटून घ्यावी आणि तपासणीसाठी ज्या दिवशी जितक्या वेळा रिकाम्या असतील, तितक्यांनाच त्या दिवसाचे निमंत्रण द्यावे. एकदम शंभर जणांना बोलावले तर फोन, तपासणीची खोली आणि काचांचे मशीन या तिन्ही ठिकाणी एकाच वेळी कोंडी होते, आणि पुढच्या आठवड्यात हेच सगळे रिकामे बसते.

प्रतिसाद २

संदेशाच्या आवाजाने धडधड होणे ही गोष्ट आपण गांभीर्याने घेतलीत, याचे मला फार बरे वाटले. मी कर्मचारी व्यवस्थापनाच्या क्षेत्रात काम करते, त्यामुळे या बाजूविषयी लिहिते.

जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत ‘बर्नआउट’ची व्याख्या केली. तिथे त्याला आजार म्हटलेले नाही. कामाच्या ठिकाणचा दीर्घकाळचा ताण नीट हाताळला गेला नाही की उद्भवणारी अवस्था, असे त्याचे वर्णन आहे. शक्ती संपल्यासारखे वाटणे, कामापासून मन दुरावणे किंवा त्याविषयी कडवटपणा येणे, आणि आपल्या हातून काम नीट होत नाही असे वाटू लागणे, ही त्याची तीन अंगे सांगितली आहेत. या व्याख्येत ताणाचे मूळ कामाच्या रचनेत शोधले आहे, हे मला फार महत्त्वाचे वाटते. सहकाऱ्यांना योगासनांचा वर्ग लावून दिला आणि रात्रीचे संदेश तसेच चालू ठेवले, तर मूळ कारण जागच्या जागीच राहते.

अमेरिकी समाजशास्त्रज्ञ रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलेले एक सूत्र छोट्या दुकानालाही लागू पडते. कामाचा रेटा मोठा आणि ते कसे व कधी करावे याचा अधिकार मात्र थोडा, अशी स्थिती सर्वांत जास्त ताण देते. आपल्या दुकानात गर्दी कमी करणे कदाचित शक्य नसेल, पण अधिकार वाढवणे आपल्या हातात आहे. कारागिराला दिवसातला काही वेळ ‘या वेळी कोणीही हाक मारणार नाही’ असा राखून द्यावा, आणि तो वेळ कोणता हे त्यालाच ठरवू द्यावे. तारीख पुढे ढकलण्याचा आणि ‘आज होणार नाही’ असे गिऱ्हाइकाला सांगण्याचा अधिकार काउंटरवरील दोघींना द्यावा, आणि त्यांनी तो वापरल्यावर गिऱ्हाइकासमोर त्यांचा निर्णय फिरवू नये. मालकाने एकदा जरी ‘थांबा, मी करून देतो’ म्हटले, तरी तो अधिकार कागदावरच राहतो.

काउंटरवरच्या कामात आणखी एक भार असतो, जो हजेरीपटावर दिसत नाही. रागावलेल्या माणसासमोर स्वतःचा राग आवरून प्रसन्न राहणे, यालाच अमेरिकी समाजशास्त्रज्ञ आर्ली हॉशचाइल्ड यांनी १९८३ मध्ये ‘भावनिक श्रम’ असे नाव दिले. तेही श्रमच आहेत, त्यामुळे त्यानंतर विश्रांती लागते. कटकटीचा प्रसंग झाल्यावर दुसऱ्या व्यक्तीने न सांगता काउंटर सांभाळावे आणि पहिलीने दहा मिनिटे आत जाऊन बसावे, एवढा साधा रिवाज पाडला तरी फरक पडतो.

आपल्या स्वतःच्या तासांविषयी आपण काहीच लिहिलेले नाही, म्हणून मुद्दाम सांगते. जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संयुक्त अभ्यासानुसार, आठवड्याला ५५ तास किंवा अधिक काम करणाऱ्यांना ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्के, तर हृदयाला रक्तपुरवठा कमी पडून होणाऱ्या विकाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्के अधिक आढळला. मालकाने रात्री अकराला गटावर सूचना टाकली की ती वाचणारेही जागेच राहतात, मग ‘सकाळी पाहिले तरी चालेल’ असे त्याखाली कितीही लिहिले तरी.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे. मी फक्त व्हॉट्सॲपपुरते लिहितो.

सर्वप्रथम दोघींच्या वैयक्तिक फोनवरील जोडणी काढून टाकावी. मुख्य फोनशिवाय आणखी चार उपकरणे जोडण्याची सोय आहे, ती दुकानातील संगणक किंवा टॅबलेट यांसाठी वापरावी आणि मुख्य फोन दुकानातच ठेवून जावे. बिझनेस ॲपमध्ये व्यवसायाच्या वेळा भरून, त्या वेळेबाहेर आपोआप जाणारा अनुपस्थितीचा संदेश लावता येतो. त्यात केवळ ‘आम्ही उपलब्ध नाही’ असे न लिहिता, उत्तर कधी मिळेल ते लिहावे : ‘आपला संदेश मिळाला. दुकान सकाळी उघडल्यावर पहिल्या तासात उत्तर देऊ.’ माणसाला नक्की वेळ कळली की तो सहसा थांबतो. मात्र हा संदेश जाण्यासाठी मुख्य फोन चालू आणि इंटरनेटला जोडलेला असावा लागतो, तेव्हा तो बंद करून ठेवू नये.

नेहमीच्या उत्तरांसाठी झटपट उत्तरांची सोय आहे आणि ‘काच मागवली’, ‘तयार’, ‘नेला’ अशी लेबलेही लावता येतात. प्रसारण यादीतून (ब्रॉडकास्ट लिस्ट) पाठवलेला संदेश ज्यांनी आपला क्रमांक फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच पोहोचतो, हे तपासणीच्या आठवणी पाठवताना लक्षात असू द्यावे.

मूळ प्रश्नकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. कारागिराशी आज बोललो. त्याने राखीव वेळ सकाळचा मागितला आहे आणि तो देत आहे. फोन दुकानात ठेवण्याचेही ठरले.

आणखी दोन प्रश्न आहेत. गूगलवर एका गिऱ्हाइकाने काउंटरवरील एकीचे नाव घेऊन वाईट अभिप्राय लिहिला आहे आणि ती फार दुखावली गेली आहे. त्याला उत्तर कसे द्यावे? आणि समाजमाध्यमांचे काम बाहेरच्या एखाद्या संस्थेकडे सोपवावे का?

प्रतिसाद ४

अभिप्रायाविषयी : उत्तर लिहिण्यापूर्वी तिच्याकडून घटना पूर्ण ऐकून घ्यावी आणि लिहिलेले उत्तर प्रसिद्ध करण्याआधी तिला वाचायला द्यावे. सार्वजनिक उत्तरात तिचे नाव घेऊ नये आणि ‘संबंधित कर्मचाऱ्याला समज दिली आहे’ असे तर कधीही लिहू नये, कारण ते वाक्य तिच्या घरचेही वाचतात. ‘आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगीर आहोत. ही जबाबदारी दुकानाची आहे. कृपया दुकानाच्या क्रमांकावर संपर्क साधावा, आपण मिळून मार्ग काढू’ एवढे पुरेसे आहे. त्या गिऱ्हाइकाशी पुढचे बोलणे आपण स्वतः करावे, तिच्यावर सोपवू नये. मजकुरात शिवीगाळ किंवा वैयक्तिक हल्ला असेल, तर तो धोरणाविरुद्ध असल्याची तक्रार गूगलकडे करता येते.

वाईट अभिप्राय झाकण्यासाठी चांगले अभिप्राय मिळवण्याची घाई करू नये. अभिप्रायाच्या बदल्यात सवलत किंवा भेट देणे, तसेच केवळ खूश गिऱ्हाइकांनाच निवडून अभिप्राय मागणे, या दोन्ही गोष्टी गूगलच्या धोरणात बसत नाहीत. चष्मा नेताना प्रत्येकाला सारखीच विनंती करावी. किती अभिप्राय आणले यावर सहकाऱ्यांचे मोजमापही करू नये, अन्यथा काउंटरवर आणखी एक दडपण वाढते.

बाहेरच्या संस्थेकडे काम द्यायला हरकत नाही, परंतु गूगलवरील नोंदीची मालकी आपल्याच खात्याकडे ठेवून संस्थेला व्यवस्थापक म्हणून प्रवेश द्यावा. व्यवस्थापकाला मजकूर बदलता येतो, पण इतरांना जोडता वा काढता येत नाही आणि नोंद हटवताही येत नाही, त्यामुळे उद्या करार संपला तरी आपली नोंद आणि तिथले अभिप्राय आपल्याकडेच राहतात. रीलसाठी चित्रीकरण करायचे असल्यास प्रत्येक सहकाऱ्याची संमती वेगळी घ्यावी आणि नकार देणाऱ्याला कारण विचारू नये. करारात एक अट लेखी घालावी : मुदत, सवलत किंवा ‘त्याच दिवशी’सारखे आश्वासन असलेली कोणतीही पोस्ट निदान एक आठवडा आधी दुकानाला दाखवली जाईल, आणि कारागिराने व काउंटरवरील दोघींपैकी एकीने होकार दिल्याखेरीज ती प्रसिद्ध होणार नाही.