मदत हवी आहे: अलेप्पोच्या वायरमनला जर्मनीत आपलं काम कागदाशिवाय कसं सिद्ध करता येईल?

नमस्कार मंडळी,

प्रश्न माझा नाही, आमच्या वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांचा आहे. जर्मनीत आयटीआयच्या किंवा तशाच हातकामाच्या शिक्षणाची मान्यता कुणी मिळवली असेल, तर कृपया वेळ काढून वाचा. थोडं लांबेल.

आम्ही स्टुटगार्टजवळ एसलिंगनला राहतो. हे गृहस्थ अलेप्पोचे, वय ३९. तिथल्या औद्योगिक माध्यमिक शाळेत तीन वर्षं विजेचं काम शिकले, मग चुलत्यांच्या दुकानात लागले. युद्धात शहराची वीज गेली तेव्हा तिथे गल्लोगल्ली मोठे जनरेटर बसले आणि लोक अँपिअरच्या हिशोबाने वीज विकत घ्यायला लागले. एका घराला दोन अँपिअर, म्हणजे दिवे, टीव्ही आणि नशीब असेल तर फ्रिज. त्या लाइनी घरोघरी ओढायचं काम यांनी केलं. पुढे कुटुंबासह तुर्कस्तानात गाझियानतेपला गेले आणि सात वर्षं एका वर्कशॉपमध्ये पॅनल बांधले. ६ फेब्रुवारी २०२३च्या भूकंपात राहतं घर गेलं. त्याच वर्षाच्या शेवटी ते इथे पोचले आणि २०२४च्या उन्हाळ्यात त्यांना संरक्षण मिळालं.

आता ते एका गोदामात रात्रपाळीला खोकी लावतात. ७०० तासांचा इंटिग्रेशन कोर्स पूर्ण करून भाषेची बी-१ परीक्षा पास झालेत. पण विजेच्या कामासाठी कुठेही गेलं की पहिला प्रश्न एकच, प्रमाणपत्र कुठे आहे? प्रमाणपत्र भूकंपात गेलं. फोनमध्ये त्याचा एक फोटो आहे, तोही खालून कापलेला. शिक्का अर्धाच दिसतो.

त्यांना काम येतं हे मी कशावरून म्हणते, ते सांगते. मार्चमध्ये स्वयंपाकघरात नवा दिवा लावायचा होता. मी शिडीवर चढणार तेवढ्यात ते म्हणाले, थांबा. खाली जाऊन एमसीबी पाडला, त्यावर चिकटपट्टी लावली आणि पट्टीवर 'काम चालू' असं जर्मनमध्ये लिहिलं. टेस्टर आधी शेजारच्या चालू प्लगवर लावून बघितला, मग छतातल्या तारांना, मग परत चालू प्लगला. सांगलीहून बाबा व्हिडिओ कॉलवर होते. बाबांची सगळी हयात वायरमनकीत गेली. ते एकदम म्हणाले, "बघितलंस का, टेस्टर मेलाय का जिवंत आहे ते दोनदा बघितलं त्यानं. हा माणूस शिकलेला आहे."

छतातून काळी, करडी आणि लाल अशा तीन तारा बाहेर आल्या. बाबा म्हणाले, लाल म्हणजे फेज. शेजाऱ्यांनी मान हलवली, वरून तारा पुन्हा तपासल्या आणि मला म्हणाले, हे घर जुनं आहे, घरमालकाच्या इलेक्ट्रिशियनला बोलवा, मी जोडणार नाही. तो आला तेव्हा कळलं, १९६५च्या आधीच्या जर्मन वायरिंगमध्ये लाल तार म्हणजे अर्थिंग! बाबा दोन दिवस तेच बोलत होते.

असा माणूस खोकी लावतोय याचं मला मनापासून वाईट वाटतं. एका कार्यालयातल्या बाईंनी त्यांना सांगितलं की सरळ साडेतीन वर्षांची आउसबिल्डुंग करा, म्हणजे शिकाऊ उमेदवारी, पहिल्यापासून. घरी दोन मुली आहेत, त्या पगारात भागणार कसं? शिवाय ८ डिसेंबर २०२४ला असदची सत्ता गेली आणि लगेच सिरियन लोकांच्या आश्रयाच्या प्रलंबित अर्जांवरचे निर्णय इथे थांबवले गेले. यांचा निर्णय आधीच झालाय, तरी वहिनींच्या मनात धास्ती बसली आहे की उद्या परत पाठवलं तर? हातात इथला कागद असावा असं त्यांना वाटतं.

माझे प्रश्न असे. हांडवेर्क्सकामर, म्हणजे कारागिरांचं चेंबर, कागद नसताना प्रत्यक्ष काम करून घेऊन मान्यता देतं असं ऐकलंय. कुणी ती परीक्षा दिली आहे का? ती कशी असते? आणि त्यासाठी गोदामातली नोकरी सोडावी लागेल का?

— कृष्णाकाठ

प्रतिसाद: तांब्याची तार

कृष्णाकाठ, मी नाशिकचा आयटीआय इलेक्ट्रिशियन, सध्या हॅम्बुर्गला. माझ्याकडे कागद होते त्यामुळे मला ही परीक्षा द्यावी लागली नाही, पण माझ्यासोबत काम करणाऱ्या एका अफगाण मित्राने दिली. तिला क्वालिफिकात्सिओन्सआनालीझे म्हणतात. अर्जदाराच्या हातात नसलेल्या कारणाने कागद मिळत नसतील तर कायद्याने तशी सोय आहे. आधीच नियुक्त केलेला तज्ज्ञ समोर बसतो, काम करून घेतो आणि त्या कामावर प्रश्न विचारतो. मित्राला एक छोटा बोर्ड जोडून, मोजमाप घेऊन, अहवाल लिहून द्यायला लावला होता.

नोकरी अजिबात सोडू नका. आणि एक गोष्ट ठळक लिहून ठेवा: फी भरण्याआधी जॉबसेंटरकडे किंवा रोजगार कार्यालयाकडे खर्चासाठी लेखी अर्ज करा. खर्च आधी करून मग मागितला की सहसा मिळत नाही. कोणती मदत त्यांना लागू होते हे नेट्झवेर्क आयक्यूचे, म्हणजे परदेशी शिक्षणाच्या मान्यतेबद्दल सल्ला देणाऱ्या संस्थांच्या जाळ्याचे, सल्लागार फुकट सांगतात.

निकाल 'आंशिक समकक्ष' आला तर निराश होऊ नका, मलाही तसाच आला होता. काय येतं आणि काय कमी आहे ते त्या पत्रात नावानिशी लिहिलेलं असतं. मी ते पत्र घेऊन एका लहान कंपनीत गेलो, मालकाने कामावर ठेवलं, राहिलेला भाग तिथेच शिकलो आणि पुढे पूर्ण मान्यता मिळाली.

प्रतिसाद: घाटमाथा

वर लिहिलेल्यात एक मुद्दा राहिला. हा रस्ता फक्त परदेशातलं औपचारिक शिक्षण पूर्ण केलेल्यांना आहे. त्यामुळे तो अर्धा फोटो फेकण्यासारखा नाही, उलट सगळ्यात मोलाचा आहे. वर्गमित्रांकडे त्याच शाळेची प्रमाणपत्रं असतील तर त्यांच्या प्रती मागवा, शिक्षण तसंच होतं हे दाखवायला उपयोगी पडतात. चुलत्यांच्या दुकानातली वर्षं तारखांसह लिहून काढा, गाझियानतेपच्या मालकाकडून दोन ओळींचं पत्र घ्या.

शाळा सिद्ध झालीच नाही तरी सगळं संपत नाही. अनुभवावर थेट अंतिम परीक्षेला बसता येतं. त्यासाठी साधारण शिक्षणकाळाच्या दीडपट अनुभव लागतो, म्हणजे साडेतीन वर्षांच्या धंद्याला सव्वापाच वर्षं. आणि १ जानेवारी २०२५पासून २५ वर्षांवरच्या लोकांसाठी अनुभव तपासून प्रमाणित करण्याची नवी पद्धत चेंबरांमध्ये सुरू झाली आहे. आउसबिल्डुंग सगळ्यात शेवटी. एकोणचाळिसाव्या वर्षी माणसाला पहिलीत बसवू नका.

परत पाठवण्याच्या भीतीबद्दल इथल्या आमच्यासारख्यांचं ऐकू नका. स्थलांतरितांसाठीची मोफत सल्लाकेंद्रं आहेत, तिथे वहिनींनाही सोबत घेऊन जा.

प्रतिसाद: शाईचे डाग

मी इथे प्रौढांना जर्मन शिकवते. बी-१वर रोजचं बोलणं होतं, पण तज्ज्ञासमोर कामाचं कारण सांगताना माणूस अडखळतो. वीज बंद करणे, ती पुन्हा सुरू होणार नाही अशी व्यवस्था करणे, वीज नाही याची खात्री करणे, तारा अर्थिंगला जोडून शॉर्ट करणे, शेजारचे जिवंत भाग झाकणे, हे पाच नियम जर्मनीत क्रमाने तोंडपाठ लागतात. त्यातले पहिले तीन त्यांनी तुमच्या स्वयंपाकघरात केलेच की! आता तेच बोलत बोलत करायला सांगा आणि फोनवर रेकॉर्ड करा.

प्रतिसाद: कृष्णाकाठ

सगळ्यांचे किती आभार मानू! काल रात्रपाळीला जायच्या आधी त्यांना सगळं वाचून, भाषांतर करून सांगितलं. वर्गमित्रांच्या प्रमाणपत्रांचा मुद्दा ऐकून त्यांनी लगेच जुन्या मित्रांना फोन लावला. एकजण स्वीडनमध्ये आहे, त्याच्याकडे प्रमाणपत्र शाबूत आहे. चेंबरची पहिली भेट येत्या गुरुवारी साडेनऊला मिळाली. पाच नियम धाकट्या मुलीने पुठ्ठ्यावर लिहून फ्रिजवर लावलेत आणि वडील चुकले की ती त्यांना पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावते.

एक शेवटचं विचारते. गाझियानतेपहून आणलेली त्यांची एक पक्कड आहे. मुठीचं लाल प्लास्टिक झिजलंय, त्यावर काळी टेप गुंडाळली आहे. भूकंपाच्या रात्री ती खिशात होती म्हणून राहिली. परीक्षेला तीच न्यायची असं ते म्हणतात. चालेल ना?

प्रतिसाद: तांब्याची तार

नको. टेप लावलेली मूठ बघून तज्ज्ञ पहिल्याच मिनिटाला गुण कापेल. १००० व्होल्टची खूण असलेली हत्यारं लागतात. माझा एक जादा संच पडून आहे, व्यक्तिगत निरोपात पत्ता कळवा, उद्याच पाठवतो. जुनी पक्कड खिशात राहू द्या, फक्त बाहेर काढू नका म्हणावं.